वाटी, चमचा आणि अंदाज

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण सांगायचं तर हल्ली माझी दुपार स्वयंपाकघरात जाते, आणि तीही शिकण्यात. पंचाहत्तरी दारात येऊन उभी राहिली आहे आणि म्हातारी आता स्वयंपाक शिकतेय म्हणून हसू नका. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा करायचा, चष्मा नाकावर सरकवायचा, की कुठल्या तरी गावची एखादी बाई आपल्याला शिकवायला हजर. फी नाही, वेळेचं बंधन नाही, आणि समजलं नाही तर बोटाने मागे सरकवून पुन्हा विचारता येतं. पस्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. इतक्यांदा तेच तेच विचारणारा विद्यार्थी मला मिळाला असता तर माझा संयम टिकला नसता, हे कबूल करते.

माझ्या आवडत्या शिक्षिका कोण, असं नातीने विचारलं. तिला वाटलं होतं मी मधुरा बाचल यांचंच नाव घेईन. घेतलंही. त्यांनी अमेरिकेत असताना २००९ मध्ये हे काम सुरू केलं आणि पुढे पुण्याहून मराठीत 'मधुराज रेसिपी' घराघरात पोचवली. बोलणं स्वच्छ, माप नेमकं, उगाच पाल्हाळ नाही. नवशिक्या मुलीने डोळे मिटून मागे जावं अशा. पण माझा जीव रमतो तो 'आपली आजी'मध्ये. सुमन धामणे या अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या. त्यांचा नातू यश पाठक याने त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, त्या महाराष्ट्रभर पोचल्या. गंमत अशी की सुरुवात म्हणे त्यांच्या शिकवण्याने नाही, शिकण्याने झाली. नातवाला पावभाजी हवी होती, आजींना येत नव्हती, म्हणून त्याने त्यांना कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला. तो पाहून आजींना वाटलं, याहून बरं मी करीन! त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचं चॅनल कुणी तरी चोरलं होतं. चॅनलचीही चोरी होते हे मला तेव्हा कळलं. सुदैवाने ते परत मिळालं.

आता मी पडले इतिहासाची शिक्षिका. मराठी माध्यमातून बी. ए., विषय इतिहास. कुठलीही गोष्ट समोर आली की ही कधीपासून आणि याआधी काय होतं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा मनात आलं, मराठी बाईला स्वयंपाक शिकवणारी माणसं कोण कोण होती, ते एकदा लिहून काढावं.

आई आणि सासू सोडून बोलते आहे. छापील मराठी पाकपुस्तकांत फार जुनं म्हणून ज्याचं नाव घेतात ते 'सूपशास्त्र', रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं, १८७५ सालचं. नावातल्या 'सूप'चा हॉटेलातल्या सूपशी संबंध नाही हं! संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे आचारी. त्याच्याही दोनशे वर्षं आधी तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथ नवहस्ते यांनी 'भोजनकुतूहल' लिहिलं होतं, पण ते संस्कृतात. म्हणजे ते वाचणार पंडित. 'सूपशास्त्र' मराठीत आहे खरं, पण मला नेहमी प्रश्न पडतो की १८७५ मध्ये ते वाचत कोण असेल? सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला लागून जेमतेम सत्तावीस वर्षं झाली होती. चुलीपाशी बसणाऱ्या हजारांत एखादीला अक्षर ओळखता येत असेल. म्हणजे लिहिणारा पुरुष, वाचणारा पुरुष आणि करणारी मात्र बाई, जिला त्यातलं निम्मं आधीच येत होतं.

पुढे १९१०च्या सुमाराला लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. बाईने बायकांसाठी लिहिलेलं. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातल्या, त्यामुळे त्यात मासे आणि मटण यांचीही चांगली रेलचेल आहे. त्याच्या आवृत्त्या पुढे निघत राहिल्या. माझ्या एका मैत्रिणीकडे तिच्या आजीची पिवळी पडलेली प्रत होती. पानांवर तुपाचे डाग. ती प्रत पाहून मी एकदा त्यातला एक पदार्थ करायला घेतला आणि शेर-तोळ्यांत अडकले. शेर म्हणजे किती? गावोगावचा शेर वेगळा. मुंबईच्या शेराने घेतलं तर पदार्थ एक, दुसरीकडच्या शेराने घेतलं तर दुसराच.

इथे थोडं थांबून सांगते, कारण याचा इतिहास कुणी स्वयंपाकघरातून पाहत नाही. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅम बाजारात यायला लागले आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जुनी मापं कायद्याने गेली. त्याआधी १९५७ मध्ये नवे पैसे आले होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. वाण्याच्या दुकानात आई आणि वाणी यांची रोज हुज्जत. अदपाव मागितलं की वाणी ग्रॅममध्ये सांगे, आणि आईला वाटे आपण ठकवले जातोय. म्हणजे एका पिढीच्या बायकांच्या डोक्यातलं मोजमापच सरकारने एका रात्रीत बदललं, आणि हातात नवं माप मात्र बसलेलं नव्हतं. घरात तराजू तर कुणाकडेच नसे.

अशा वेळी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं. त्यात त्यांनी काय केलं? शेर नाही, ग्रॅम नाही. वाटी आणि चमचा! ज्या वाटीने पीठ घेतलंत त्याच वाटीने साखर घ्या, प्रमाण बिघडणार नाही. इतकी साधी गोष्ट, पण आधीच्यांना ती सुचली नव्हती असं नाही, कुणी ती धरून सबंध पुस्तकभर चालवली नव्हती. मला यात कमलाबाईंचं मोठेपण वाटतं. त्या १९१३ मध्ये जन्मल्या आणि १९९९ मध्ये गेल्या. लाखाच्या वर प्रती खपल्या आणि त्यांना कौतुकाने लाखो सुनांची सासू म्हटलं जाऊ लागलं.

त्या लाखांतली एक मी. १९७४ मध्ये लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा आहेरात दोन 'रुचिरा' आल्या होत्या. एक मी नणंदेला दिली आणि पस्तावले, कारण जी ठेवली तिची पानं पाच वर्षांत सुटली. सासूबाई रत्नागिरीकडच्या. त्यांना काहीही विचारलं की उत्तर एकच, "अंदाजाने घाल." किती वेळ परतू? "वास येईपर्यंत." कसला वास? "येईल तेव्हा कळेल." मी सकाळी सव्वासहाची गाडी पकडून ठाण्याला शाळेत जाणारी मुलगी. मला अंदाज बांधायला वेळ कुठे होता? त्यामुळे सासूबाई झोपल्या की 'रुचिरा' उघडायची, आणि सकाळी त्यांनी विचारलं तर म्हणायचं, तुम्ही सांगितलं तसंच केलं. त्यांना कळत होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

पुस्तकाची एक अडचण मात्र होती. त्यात 'मंद आच' असं लिहिलेलं असे, आणि माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह. स्टोव्हला मंद आच माहीतच नाही, एक तर भडकतो नाही तर विझतो. गॅससाठी नंबर लावून बसावं लागे. तो लागला तेव्हा माझा मोठा मुलगा चालायला लागला होता. कुकर मात्र लवकर आला. आमच्या ठाण्यातही हॉकिन्सचा कारखाना आहे, त्यामुळे त्या नावाबद्दल उगाच घरचं असल्यासारखं वाटे. कुकरने काय केलं, तर सासूबाईंच्या वासाच्या घड्याळाऐवजी शिट्ट्यांचं घड्याळ घरात आणलं. तीन शिट्ट्या म्हणजे डाळ. इथेही अंदाज गेला आणि मोजमाप आलं.

पुस्तकाबाहेरची शाळा होती ती दोन ठिकाणी. एक आकाशवाणी. दुपारी मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' लागे. सुट्टीच्या दिवशी सासूबाई, शेजारच्या वहिनी आणि मी अशा तिघी बसत असू. पाककृती सांगताना बाई थांबत थांबत सांगत, कारण ऐकणाऱ्या लिहून घेत आहेत हे त्यांना ठाऊक होतं. शाळेतल्या शुद्धलेखनाच्या तासासारखंच ते. माझ्या वहीत अजून अर्ध्यावर तुटलेल्या कृती आहेत, वीज गेली म्हणून.

आणि दुसरी शाळा म्हणजे लोकलचा बायकांचा डबा. डोंबिवलीकरणींना हे सांगायला नको. संध्याकाळच्या गाडीत मटार सोलणं, गवार मोडणं, मेथी निवडणं आणि त्याच्या जोडीला 'तुमच्यात हे कसं करतात?' या प्रश्नाची देवघेव. या डब्यात मी जे शिकले ते पुस्तकात नव्हतं. कल्याणच्या एका सीकेपी मैत्रिणीने मला वालाचं बिरडं शिकवलं ते ठाणे ते डोंबिवली अशा तीन दिवसांच्या प्रवासात, हप्त्याहप्त्याने. वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. दाण्याला बोटांत धरून दाबलं की तो सालीतून कसा सटकन बाहेर येतो, ते तिने रिकाम्या बोटांनी करून दाखवलं. ते बोटांचं दाखवणं कुठल्या पुस्तकात लिहिणार? पंचवीस-तीस वर्षांनी माझ्या घरी सून आली तीही कल्याणचीच आणि सीकेपीच, आणि माझं बिरडं खाऊन ती चकित झाली. त्याचं श्रेय मध्य रेल्वेला.

टीव्हीबद्दल मला फारसं सांगायचं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्याकडे संच यायला बरीच वर्षं गेली. १९९३ पासून झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' लागला आणि पुरुषही टीव्हीसमोर बसून कोथिंबीर कशी चिरतात ते पाहू लागले, हे त्यांचं उपकार. त्यानंतर 'आम्ही सारे खवय्ये'मध्ये प्रशांत दामले आले. आपल्यासारख्याच घरच्या बायका तिथे येऊन पदार्थ करून दाखवत, म्हणून आवडायचं. नागपूरच्या विष्णू मनोहर यांनी २०१७ मध्ये सलग ५३ तास स्वयंपाक केला, ते मात्र मला कधी कळलं नाही. अहो, आमच्या कित्येक बायकांनी तर सलग ५३ वर्षं केला! असो. विनोद सोडा, माणूस गुणी आहे आणि वऱ्हाडी पदार्थ त्यांच्याकडूनच शिकावेत.

पण टीव्हीवर येण्यासाठी कुणी तरी तुम्हाला बोलवावं लागे. पुस्तक लिहायला अक्षर हवं, प्रकाशक हवा. इथेच मोबाइलने खरा फरक केला. यूट्यूब २००५ मध्ये निघालं, तरी आमच्यापर्यंत ते पोचलं ते २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर, इंटरनेट एकदम स्वस्त झालं तेव्हा. त्यानंतर कुणी कुणाला बोलवायची गरज उरली नाही. लिहिता-वाचता यायची अटही गेली. चुलीपुढे बसलेली बाई, समोर नातवाच्या हातात मोबाइल, एवढं पुरे. आणि काय गंमत पाहा, या बाया शिकवताना पुन्हा म्हणतात, "अंदाजाने घाला." पण आता तो अंदाज दिसतो! मिठाची चिमूट केवढी, ती दोन बोटांची का तीन बोटांची, कांदा कुठल्या रंगावर आला की तिखट पडतं, भाकरीला हात किती वेळा पाण्यात बुडतो. माझ्या सासूबाई जे तोंडाने सांगू शकल्या नाहीत आणि कमलाबाई जे वाटीत भरू शकल्या नाहीत, ते मी आता डोळ्यांनी पाहते. 'वास येईपर्यंत' म्हणजे कढईतून वर येणारा धूर कसा पातळ होतो, हे मला वयाच्या सत्तरीत कळलं. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरते आहे.

वर मी जी पुस्तकं सांगितली त्यांच्या जोडीला मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा', जयश्री देशपांडे यांचं 'हमखास पाकसिद्धी', दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' हीही माझ्या कपाटात आहेत. एके दिवशी ती सगळी पुढ्यात घेऊन बसले आणि शोधू लागले की आम्ही पन्नास वर्षं ज्या जमिनीवर राहतो तिथल्या मूळच्या माणसांचं जेवण यात कुठे आहे. डोंबिवली, दिवा, कळवा, कोपर, ठाकुर्ली, मानपाडा ही सगळी आगरी वस्ती. आगर म्हणजे मिठागर, भाताचं खाचर, त्यावरून आगरी. खाडीचे मासे, तांदळाची भाकरी, उन्हात वाळवलेली सुकट, घरचा कुटलेला मसाला. आमच्या इमारती त्यांच्या भातशेतीवर उभ्या आहेत. आणि माझ्या कपाटातल्या पुस्तकांत त्यांच्या ताटातलं काही मिळेल म्हणून मी पानं चाळली, तर ज्याला आगरी म्हणावं असं हाताला काही लागलं नाही. कोकणी म्हणून काही होतं, पण ते वेगळं.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाचं पुस्तक. नावात एकच 'अ' वाढवला आहे आणि तो अ वाचून मी बराच वेळ पान उलटू शकले नाही. आपण ज्याला मराठी जेवण म्हणतो त्यात किती जणांचं जेवण मोजलेलंच नाही, हे त्यांनी मांडलं. तो माझ्या भागातला विषय नाही, पण प्रश्न तोच.

१९८१ किंवा ८२ ची गोष्ट. मी ठाण्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर होते. दिव्याच्या पलीकडच्या एका गावातून एक मुलगी गाडीने यायची. आगरी. गणितात बरी, इतिहासात उत्तम. मधल्या सुट्टीत एकदा वर्गात ओरड झाली. तिच्या डब्यात सुकट होती आणि तांदळाची भाकरी. मुली नाकाला रुमाल लावून उठून गेल्या होत्या. माझ्याकडे तक्रार आली. मी वर्गात गेले. मलाही वास सहन झाला नाही, आमच्या घरात कधी मासा शिजलेला नव्हता. मी तिला रागावले नाही. मी रागावून बोलत नसे. अगदी शांतपणे म्हटलं, "बाळ, उद्यापासून डबा व्हरांड्याच्या टोकाला बसून खात जा. आणि शक्यतो असलं आणत जाऊ नको. आईला सांग."

'असलं.' हा शब्द मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवसापासून तिने डबा आणला नाही. विचारलं तर म्हणाली, भूक नसते. पुढे कधी कधी पुडीत चार बिस्किटं असत. सातवीनंतर ती शाळेत दिसली नाही. डब्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही, तेव्हा त्या गावांतल्या बऱ्याच मुली सातवीनंतर जात. पण मी चौकशी केली नाही, हेही खरं आहे.

आणि आज सर्वांत टोचतं ते हे की त्याच वर्षी, त्याच वर्गात, मी मराठ्यांचं आरमार शिकवलं. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, हे मी फळ्यावर खडूने खाडी काढून रंगवून सांगितलं. खाडी जाणणारी इथली माणसं नसती तर ते आरमार उभं राहिलं नसतं, असंही सांगितलं. मुलींनी वहीत लिहून घेतलं. त्या जहाजांवरची माणसं दुपारी काय खात असतील, हा प्रश्न ना मला पडला, ना मी विचारला. ज्या मुलीला तो विचारता आला असता तिला मी व्हरांड्यात बसवून आले होते.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर चाळता चाळता आगरी-कोळी पद्धतीच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ दिसले. पुष्कळ आहेत. इथल्याच गावांतल्या, आसपासच्या खाडीकाठच्या बाया. बोली त्यांचीच, लाज नाही, संकोच नाही. मी आधी चोरून पाहत असे, घरात कुणी येताना दिसलं की दुसरं काही तरी लावायचे. कारण काय सांगणार? प्रत्येक चेहरा मी निरखून पाहते. ती आज पंचावन्नच्या पुढे असेल, कदाचित तिलाही नातवंडं असतील. माझा मी वेडेपणा समजून आहे. त्या वयाचा कुठलाही चेहरा मला तिचाच वाटतो.

गेल्या डिसेंबरात आगरी महोत्सवाला गेले, मुद्दाम. डोंबिवलीत इतकी वर्षं काढून पहिल्यांदा. एका स्टॉलवर एक बाई तांदळाची भाकरी थापत होती आणि मी उभी राहून पाहत होते. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, हात भाजत असताना मळायची, पाण्याचा हात लावत थापायची. तिने विचारलं, "आजी, बघतायसा काय, खावा की." मी भाकरी घेतली, नुसती. कागदासारखी मऊ. घरी येऊन तीन दिवस प्रयत्न केला, भाकरी कडेने फाटतच राहिली. मग व्हिडिओ लावला आणि चूक सापडली. उकड गरम असताना मळायचा मला धीर नव्हता. निवली की ती फाटते. चटका सोसायलाच हवा. माझ्या डोक्यात आलं, सव्वासहाच्या सुमाराच्या गाडीला मुलगी निघायची तर तिच्या आईने ही उकड किती वाजता काढली असेल?

मग ठरवलं की सुकट करायची. घरी कुणी खाणारं हवं ना, तर सून खाते. तिच्या माहेरचे सोडे आमच्या फ्रीजमध्ये २००६ पासून आहेत, चार डब्यांच्या आत बंद करून. ती हसली, म्हणाली, "आई, तुम्ही? तुम्हाला वास सोसवेल?" म्हटलं बघू. बाजारात गेले. जवळा विकणारी कोळीण माझ्याकडे आणि माझ्या पिशवीतल्या फुलांच्या पुडीकडे पाहत होती. "बाय, तू खातस नाय ना?" तिने थेट विचारलं. खोटं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, सुनेसाठी. तिने जवळा मोजता मोजता शिकवणी घेतली. आधी निवडून घे, कचरा असतो. मग कोरड्या तव्यावर भाज, तेलाचा थेंब नको. कुरकुरीत झाली की मग पाण्यातून काढ. "मंग वास नाय येत एवढा." व्हिडिओतल्या बाईनेही हेच सांगितलं होतं, पण हिने हातातली सुकट तव्यावर हलवल्यासारखी करून दाखवली, तशीच जशी कल्याणच्या मैत्रिणीने रिकाम्या बोटांनी वाल सोलून दाखवले होते.

रविवारी सकाळी केली. हे हॉलमध्ये पेपर वाचत होते, काही न बोलता त्यांनी पंखा वाढवला आणि पेपर जरा वर धरला. वास आला, खोटं कशाला सांगू. पहिली पाच मिनिटं मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. पण भाजताना तो बदलत गेला. खारट, उन्हात वाळत घातलेल्या कशाचा तरी, मग चक्क शेंगदाणे भाजल्यासारखा. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, वास बदलला की उतरवा. वासाचं घड्याळ! सासूबाई आठवल्या. मग कांदा पुष्कळ, लसूण ठेचून, हळद, सुनेच्या मैत्रिणीकडून आणलेला आगरी मसाला, दोन कोकमं, आणि शेवटी धुतलेली सुकट. एक वाफ, बस.

मोठी अडचण आली ती चवीची. मी चाखू शकत नव्हते. साठ वर्षं स्वयंपाक करताना तळहातावर थेंब घेऊन जिभेला लावायची सवय, आणि इथे हात मध्येच थांबला. पडद्यावर सगळं दिसतं, ऐकू येतं, एक चव तेवढी येत नाही. म्हटलं, नेहमीच्या अंदाजाने मीठ घालावं. घातलं.

सून जेवायला बसली. भाकरीचा तुकडा मोडला, सुकट घेतली, खाल्ली. मी समोर उभी, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी.

"भाकरी झकास झालीय आई," ती म्हणाली. "मीठ मात्र खूप झालंय हो. सुकटीत मूळचंच असतं."

व्हिडिओतल्या बाईने हे दोनदा सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा करणार आहे.